डिसेंबर 2025 मधल्या इंडिगोच्या गोंधळाला वैमानिकांची झोप जबाबदार? मला तरी पटत नाही

जागती रात्र

परवा सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हातावर तिळगूळ ठेवता ठेवता ओळखीच्या एक काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना आता आठवड्यातले दोन दिवस झोपायला देतात म्हणे. त्यापायी आमचं डिसेंबरचं गोवा बुडालं." तोंडात तिळगूळ होता म्हणून गोड बोलले. लिफ्टमध्ये शिरल्यापासून मात्र एकेक उत्तर सुचायला लागलं, ते इथे काढते.

नवरा विमान चालवतो. कंपनी लिहिणार नाही, कृपया विचारू नये. आम्ही मरोळला राहतो. बेडरूमच्या काचांना काळा चार्ट पेपर लावलाय, दाराच्या बेलवर चिकटपट्टी आहे आणि कुकर सकाळी नऊच्या आत होतो, नाहीतर संध्याकाळी. कालनिर्णयावर लोक दुधाचा हिशोब लिहितात, मी त्याच चौकटीत नवऱ्याच्या झोपेचे तास लिहिते. गेल्या मंगळवारी 4. बुधवारी 3, दुपारचे वेगळे 2. गुरुवारी रकाना कोरा, कारण तो हैदराबादच्या हॉटेलात होता आणि तिथली झोप तो फोनवर खरी सांगत नाही.

सव्वातीनचं रिपोर्टिंग असेल तर गाडी दोनला येते आणि गजर एकचा लागतो. एकला उठायचं तर संध्याकाळी सहा-सातला झोपलं पाहिजे. मुंबईत त्या वेळी खाली पोरांचं क्रिकेट असतं, वर कुणाचं तरी ड्रिल असतं, आणि ते सगळं नसलं तरी शरीर त्या वेळेला झोपायला तयार नसतं. डोळे मिटून पडून राहतो. कागदावर ती 'विश्रांती'.

आता नियमाचं. डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने, 8 जानेवारी 2024 ला ड्युटीच्या तासांचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 वर. रात्र म्हणजे 12 ते 5 धरायचे, ती 12 ते 6 केली. रात्रीच्या ड्युटीत सहा लँडिंग चालायची, ती दोनवर आणली. हे 1 जून 2024 पासून लागू व्हायचं होतं. कंपन्यांनी नाही म्हटलं, नियम गुंडाळून ठेवला. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात भांडल्या तेव्हा दोन हप्त्यांत आला: 1 जुलै 2025 आणि 1 नोव्हेंबर 2025. नियम निघाल्यापासून पुरता लागू होईपर्यंत पावणेदोन वर्षांच्या वर गेली. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगो म्हणते, माणसं पुरत नाहीत! 5 डिसेंबरला एका दिवसात हजारावर फ्लाइट रद्द झाल्या, आणि त्याच दिवशी सरकारने रात्रीच्या नियमांतून त्यांना 10 फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. पेपर तोंडावर आल्यावर पोरगं म्हणतं पुस्तकच घेतलं नाही, आणि मास्तर पेपर पुढे ढकलतात.

मला सांगा, यात माझ्या नवऱ्याच्या झोपेचा काय गुन्हा?

खिडकीची सीट

ताई, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण आमचंही ऐका. 4 डिसेंबरला पुण्याहून निघून चुलतबहिणीच्या लग्नाला नागपूर गाठायचं होतं. विमानतळावर सकाळी सहापासून. बोर्डावर आधी 'उशीर', मग 'उशीर', मग 'रद्द'. कंपनीचं नाव मीही घेत नाही. बॅग परत मिळायला चार तास. शेवटी स्वारगेटवरून स्लीपर बस पकडली आणि अक्षता पडून गेल्यावर पोचलो. जेवणाच्या पंगतीला मात्र वेळेत होतो, हे नातेवाईक अजून ऐकवतात.

माझा प्रश्न साधा आहे. 36 तासांत 2025 पर्यंत विमानं उडत होतीच ना? रोज पडत होती का? मग एवढी घाई कशाला, ऐन लग्नसराईत?

हिशोबनीस

धागाकर्तीशी अर्धा सहमत, अर्धा असहमत. असहमतीचा अर्धा जरा मोठा आहे.

एक, 'पावणेदोन वर्षं होती, भरती का नाही केली' हे म्हणायला सोपं. कॅप्टन काही बाजारात पोत्यात मिळत नाही. त्याला एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्याचं लायसन्स लागतं, त्यासाठी किमान 1,500 तासांचं उड्डाण लागतं, मग कंपनीचं प्रशिक्षण, मग उजव्या सीटवरून डाव्या सीटवर बढती. दुसऱ्या कंपनीचा तयार कॅप्टन उचलायचा म्हटलं तर सरकारनेच 2017 पासून कॅप्टनला एक वर्षाचा आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांचा नोटीस पिरियड लावलाय. म्हणजे दार बाहेरून बंद आणि आत आग लागली म्हणून ओरडायचं.

दोन, युरोपात सलग रात्रपाळ्या असल्या तरी एका ड्युटीत चार सेक्टरपर्यंत (एका विमानतळावरून दुसऱ्यावर, तो एक सेक्टर) मुभा आहे. आपण थेट दोन लँडिंगवर. इतकं कडक कशासाठी?

तीन, वर्षाला 1,000 तासांची कमाल मर्यादा आहेच. 365 ने भागा. दिवसाला पावणेतीन तास! माझ्या ऑफिसातला शिपाई यापेक्षा जास्त राबतो.

जागती रात्र

@हिशोबनीस, तुमचा तिसरा मुद्दा ऐकून मी खरंच उठून पाणी प्यायले.

ते 1,000 तास उड्डाणाचे. विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, थांबलं की बंद. रिपोर्टिंगपासून तोपर्यंतचा तास त्यात नाही. दोन सेक्टरच्या मधला वेळ नाही. दिल्लीत धुकं आहे म्हणून कॉकपिटमध्ये बसून काढलेले अडीच तास नाहीत, कारण विमान उभं आहे. घरी फोन उशाशी घेऊन काढलेला स्टँडबाय नाही. दुसऱ्या शहरातून विमान न्यायचंय म्हणून प्रवाशांच्या सीटवर बसून गेला तर तेही उड्डाण नाही. ड्युटीचे तास वेगळे मोजतात आणि ते पुष्कळ जास्त असतात. शिक्षक शाळेत फक्त फळ्यावर लिहितो तेवढाच वेळ काम करतो असं म्हणाल का?

@खिडकीची सीट, लग्न चुकलं याचं वाईट वाटलं. खरंच. पण 'रोज पडत होती का' याचं उत्तर मंगळूर आहे. 22 मे 2010. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत गेलं. 166 पैकी 158 गेले. चौकशी एअर मार्शल भूषण गोखल्यांच्या समितीने केली, आपले पुण्याचे. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिली सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टनचा आवाजच नाही, दीर्घ श्वास आणि हलकं घोरणं आहे. उठला तो उतरायच्या थोडं आधी. सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या, म्हणून तीनदा सांगितलं.

जुना वैमानिक

मंगळूरचा दाखला धागाकर्तीने दिला म्हणून बोलतो. एकतीस वर्षं उडवलं आहे, आता सांगलीला शेती बघतो.

तो अहवाल मी वाचला आहे, नुसता ऐकलेला नाही. त्यात असं म्हटलंय की कॅप्टनला उड्डाणाआधी पुरेशी विश्रांती मिळाली होती. तो नुकताच मायदेशातून रजा संपवून आला होता. 36 सोडा, 48 सोडा, त्याला दिवसच्या दिवस मोकळे मिळाले होते. तरी झोपला. मग तुमच्या 48 तासांच्या नियमाने काय वाचलं असतं?

दुसरं उदाहरण. 25 जानेवारी 2024, इंडोनेशियाचं बाटिक एअर, केंडारीहून जकार्ताला. 153 प्रवासी. कॅप्टन सांगून झोपला, थोड्या वेळाने सहवैमानिकाचाही डोळा लागला. 28 मिनिटं विमानात जागा माणूस म्हणजे फक्त प्रवासी आणि हवाई सुंदरी. वाट थोडी चुकली, सुखरूप उतरलं. सहवैमानिकाच्या घरी महिन्याची जुळी होती, बायकोला मदत करून तो कामावर आला होता. कुठला डीजीसीए त्या जुळ्यांना झोपवणार आहे?

आमच्या वेळीही रात्री होत्या. तेव्हा लेओव्हरला, म्हणजे परगावच्या मुक्कामाला, खोलीत पडदे ओढून झोपायचो. आताची मुलं हॉटेलात पोचली की जिम, मग मॉल, मग मोबाइल. विश्रांती देता येते हो, झोप देता येत नाही. माझं मत: आकडे वाढवण्यापेक्षा माणसागणिक, मार्गागणिक थकवा मोजणारी पद्धत आणावी आणि कॉकपिटमध्ये आळीपाळीने ठरवून वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्यायची शिस्त लावावी.

नुसताच वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (विमानातले नाहीत, ते परवडत नाहीत.)

अर्धा डॉक्टर

काका, तुम्ही जो अहवाल वाचलात त्याचं पुढचं वाक्य राहिलं. दोन गोष्टी त्यात आहेत. एक, गाढ झोपेतून एकदम उठल्यावरची सुस्ती, आमच्या पुस्तकात तिला 'स्लीप इनर्शिया' म्हणतात. दुसरी, वेळ. पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या घड्याळाचा सर्वात खालचा टप्पा. तेव्हा शरीराचं तापमान उतरलेलं असतं, प्रतिक्रिया मंद, निर्णय ढिला. कॅप्टनने पुरेशी विश्रांती घेऊनही तो झोपला, याचा अर्थ 'विश्रांती निरुपयोगी' असा नाही. याचा अर्थ विश्रांती असूनही ती वेळ माणसाला खाली ओढते. म्हणून तर नियमात 48 तासांबरोबर रात्रीची व्याख्या सहापर्यंत नेली आणि लँडिंग दोनवर आणली. तुम्ही अर्धा नियम घेऊन अर्ध्या अपघाताशी लावताय.

1997 साली डॉसन आणि रीड यांचा एक छोटा अभ्यास 'नेचर'मध्ये आला होता. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, 24 तासांनंतर 0.10 च्या आसपास. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायला मर्यादा 0.03 आहे. आता बघा, सकाळी सातला उठलेला, दुपारी झोप न लागलेला माणूस रात्री बाराला त्या 0.05 वर पोचलेला असतो. एकही घोट न घेता.

मी कोण विचाराल तर सरकारी रुग्णालयातली निवासी डॉक्टर. मी स्वतः 34 तास उभी राहून टाके घातलेत. त्यामुळे 'डॉक्टर करतात, मग वैमानिकांना काय झालं' असं कुणी लिहायच्या आत सांगते: डॉक्टरांनीही करू नये. माझ्या त्या टाक्यांचा फोटो काढला असता तर तुम्ही मला तुमच्या मांजराला हात लावू दिला नसता.

जागती रात्र

@अर्धा डॉक्टर, दंडवत. उड्डाणाआधी नवऱ्याला नळीत फुंकायला लावतात, दारू प्यायलाय का बघायला. शून्य यावं लागतं. आदल्या रात्री खोकल्याचं औषध घ्यायचं तरी बाटलीवरची अक्षरं भिंगाने वाचतो. आणि त्याच मशिनसमोर अडीच तास झोपलेला माणूस फुंकून 'फिट' म्हणून पुढे जातो.

@जुना वैमानिक काका, मॉल आणि जिमचं मान्य, तशी मुलं आहेत. माझा दीरच आहे तसा, तोही याच धंद्यात. पण कॉकपिटमधली डुलकी? 2014 साली मुंबईहून ब्रसेल्सला निघालेलं जेट एअरवेजचं विमान तुर्कस्तानवर पाच हजार फूट खाली आलं. कॅप्टन परवानगीची डुलकी घेत होता आणि सहवैमानिकाचं लक्ष टॅबलेटमध्ये होतं. ब्रसेल्सला आठ-नऊ तास असतात, पुणे-दिल्ली दोन तासांचं. त्यात वर चढण्यात आणि खाली उतरण्यात अर्धा वेळ जातो. डुलकी कुठे बसवायची?

पिंपळगावकर

तुमचं सगळं वाचलं. राग मानू नका, पण जरा खालीही बघा.

माझे वडील बावीस वर्षं ट्रकवर. पिंपळगावहून संध्याकाळी कांदा भरायचा, पहाटे तीनच्या आत वाशी मार्केटात लावायचा, रिकामी गाडी घेऊन दुपारपर्यंत परत, संध्याकाळी पुन्हा भरायला उभे. कसाऱ्याच्या घाटात झोप यायची. खिशात हिरव्या मिरच्या ठेवायचे, डोळा जड झाला की एक चावायचे. शेजारी क्लीनर असायचा त्याचं खरं काम गाडी पुसणं नव्हतंच, बोलत राहणं होतं. तो गप्प झाला की वडील त्याच्या मांडीवर चापट मारायचे, "बोल रं." मालकाने कधी विचारलं नाही झोपला का. कायदा 1961 चा होता म्हणे, मोटार कामगारांना दिवसाला आठ तास. वडिलांना तो मरेपर्यंत कळला नाही, मला इथं नेटवर सापडला.

पंचतारांकित हॉटेल, न्यायला-आणायला गाडी, लाखांत पगार, आणि वर संघटना हायकोर्टात. मिरचीवाल्याची संघटना कुठंय?

नागपुरी तर्री

भाऊ, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण त्यांना झोप भेटली नाही म्हणून पायलटलाही नको, हा काय न्याय झाला बे? दोघांनाही भेटली पाहिजे.

आणि तुम्ही सगळे आमच्या नागपूरची गोष्ट विसरून राहिले. ऑगस्ट 2023 मध्ये इंडिगोचा एक कॅप्टन, वय चाळीस, पुण्याचं विमान न्यायला आला आणि बोर्डिंग गेटजवळच कोसळला. गेला. आणखी काय पुरावा पाहिजे?

हिशोबनीस

नागपूरचं कुणीतरी काढणार हे माहीत होतं. त्या कॅप्टनने आदल्या दिवशी पहाटे तीन ते सातच्या दरम्यान दोन सेक्टर केले होते, तिरुवनंतपुरम ते पुणे आणि पुणे ते नागपूर. त्यानंतर 27 तासांची विश्रांती होती. हृदय बंद पडलं. दुःखद, पण थकव्यामुळेच गेला असं म्हणणं म्हणजे कावळा आणि फांदी.

जागती रात्र

इथे हिशोबनीसांशी सहमत. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी नीट जेवलं नव्हतं, तरीही ते प्रेत थकव्याच्या खात्यावर टाकू नये. आपला मुद्दा त्याशिवाय उभा राहतो.

पिंपळगावकर दादा, तुम्हाला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नाहीत. हॉटेलची चादर मऊ असते हे खरंय.

रोस्टरकर

दोन दिवस वाचतोय, आता राहवत नाही. मी विमान कंपनीत क्रू शेड्यूलिंगला आहे, बारा वर्षं. कोणत्या ते सोडा. वैमानिकांच्या बायका ज्याला शिव्या घालतात तो फोनवरचा माणूस मी. ताई, कदाचित तुम्हीही घातल्या असतील.

रोस्टर, म्हणजे कुणाची ड्युटी कधी याचा तक्ता, कसा बनतो ते सांगतो, कारण इथे सगळे नियमावर बोलताय, नियम वापरतात कसा यावर कुणी नाही. आधी सॉफ्टवेअर फ्लाइटच्या माळा ओवतं: मुंबई-गोवा-मुंबई-नागपूर अशी एक माळ, तिला आम्ही पेअरिंग म्हणतो. मग त्या माळा माणसांच्या गळ्यात घालतात. आता नियमात रात्रीच्या ड्युटीला कमाल दहा तास लिहिलेत. माणूस वाचतो तेव्हा त्याला वाटतं दहा ही भिंत आहे, त्याच्या आत जरा लांब राहू. सॉफ्टवेअरला तसं काही वाटत नाही. ते नऊ तास पन्नास मिनिटांची माळ बनवतं आणि वर हिरवी टिक लावतं. कायदेशीर. मग दिल्लीत धुकं पडतं, वीस मिनिटं जातात, आणि तो क्रू मधेच बाद होतो. विमान आहे, प्रवासी बसलेत, इंधन भरलंय, पण चालवणारा आता कायद्याने चालवू शकत नाही. मी दुसरा शोधायला फोन करतो. स्टँडबायचे संपलेले असतात. ते विमान जिथे जाणार होतं तिथला क्रू त्याची वाट बघत बसतो, त्याचेही तास संपतात. डिसेंबरला हेच झालं, फक्त एका विमानाऐवजी शेकडोंना. दिवसाला 2,200 च्या आसपास फ्लाइट चालवणाऱ्या कंपनीत एक गाठ सुटली की अख्खं विणकाम उसवतं.

डीजीसीएच्या चौकशीने जानेवारी 2026 मध्ये हेच म्हटलंय: माणसं आणि विमानं इतकी घट्ट वापरली की धक्का सोसणारी गादीच उरली नव्हती. इंडिगोला 22.20 कोटींचा दंड झाला.

हिशोबनीस साहेब, कॅप्टन पोत्यात मिळत नाही हे शंभर टक्के खरं. पण कॅप्टन कमी असतील तर हिवाळ्याच्या वेळापत्रकात फ्लाइट कमी टाकता येतात. तेवढं एक कागदावर करता येत होतं. नंतर सरकारने दहा टक्के कापायला लावल्याच, तेव्हा जमलं.

आणखी एक बारकी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. 5 डिसेंबरला फक्त इंडिगोला सूट नाही मिळाली. 'रजेला आठवड्याची विश्रांती धरायची नाही' ही ओळ सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतली. म्हणजे कॅप्टनने गावी वडिलांच्या श्राद्धाला तीन दिवस रजा काढली, रात्रभर गाडी चालवून गेला, रात्रभर चालवून आला, तर आम्ही त्यातलेच 48 तास 'विश्रांती' म्हणून दाखवू शकतो. रजाही गेली, विश्रांतीही झाली, एका दगडात. या एका ओळीने माझ्या टेबलावरचे किती रकाने भरले ते मला माहीत.

जागती रात्र

शिव्या घातल्यात. तुम्हाला म्हणून नाही, पण घातल्यात. आता एक विचारते. कुणी फोन करून 'मी थकलोय, उडवत नाही' म्हटलं तर तुम्ही कुठे लिहिता?

रोस्टरकर

खरं सांगू? नव्या नियमात दर तीन महिन्यांनी थकव्याचे अहवाल डीजीसीएला द्यायचेत. म्हणून 'थकलोय' म्हटलं की फॉर्म, चौकशी, किती झोपलास, का नाही झोपलास. 'पोट बिघडलंय' म्हटलं की एक ओळ. तुमचे मिस्टर काय सांगतात तुम्हाला ठाऊकच असेल.

जागती रात्र

पोट. मार्चपासून आठ वेळा. पोट एकदम ठणठणीत आहे त्याचं.

हिशोबनीस

रोस्टरकरांचा प्रतिसाद वाचून माझा असहमतीचा अर्धा जरा लहान झाला, कबूल. वेळापत्रक कापण्याच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण दंडाच्या रकमा पाहून हसू येतं. मार्च 2024 मध्ये एअर इंडियाला याच ड्युटीच्या नियमांसाठी 80 लाख दंड झाला होता. साठीच्या वरचे दोन वैमानिक एकाच विमानात बसवले, आठवड्याची विश्रांती पुरेशी दिली नाही, असं सापडलं. ही रक्कम एखाद्या मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात कुठल्या ओळीत दिसेल ते मला, सीए असून, सांगता येणार नाही. नियम मोडणं पाळण्यापेक्षा स्वस्त असेल तर कंपनी मोडणारच, त्यात दुष्टपणा शोधू नका.

युरोपचा मुद्दा मात्र सोडत नाही. दोनच लँडिंग हे अति आहे. मुंबईसारख्या ठिकाणी दिवसाचे स्लॉट, म्हणजे विमान उतरवायच्या-उडवायच्या ठरलेल्या वेळा, भरलेत म्हणून कंपन्या रात्री उडवतात. नवी मुंबईचं विमानतळ कुठे 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालं. रात्र कापली की तिकीट चढणार. सरकारने डिसेंबरात पाचशे किलोमीटरपर्यंत 7,500 ची मर्यादा घातली होती, पण कायमची कशी घालणार?

जुना वैमानिक

अर्ध्या डॉक्टरांना: वाक्य राहिलं हे बरोबर पकडलंत. पहाटेच्या वेळेबद्दल मी कमी लेखलं. इतकी वर्षं त्या वेळेला उतरलो आणि काही झालं नाही, त्यामुळे असेल. एकदा कोलकात्याला पहाटे उतरताना धावपट्टीचे दिवे मला क्षणभर दोन ओळींऐवजी तीन दिसले होते. सहवैमानिकाला काही बोललो नाही. आज पहिल्यांदा कुठे लिहितोय.

लेओव्हरच्या मुलांबद्दलचं मत कायम आहे.

अर्धा डॉक्टर

काका, लिहिलंत हे बरं झालं. अमेरिकेलाही सुचायला बफेलोचा विमान-अपघात लागला, फेब्रुवारी 2009, पन्नास जण गेले. सहवैमानिक रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. नवा नियम लागू व्हायला जानेवारी 2014 उजाडला. त्यातही मालवाहू विमानांचे वैमानिक वगळले. खोक्यांना झोपेची गरज नसते असं बहुधा गृहीत धरलं.

पिंपळगावकर

म्हणजे तिथंही कांदेवाले बाहेरच.

नागपुरी तर्री

+1 भाऊ.

खिडकीची सीट

सगळं वाचलं, बऱ्याच गोष्टी डोक्यावरून... नाही, विमानाचा विनोद करत नाही. मला एवढंच सांगा रोस्टरकर, उद्या मला दिल्लीला जायचं असेल तर कुठली फ्लाइट घ्यायची? तुम्हाला आतलं माहीत.

रोस्टरकर

घाबरू नका, पहाटेचं विमानही तुम्ही स्वतः हायवेवर पहाटे गाडी चालवाल त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. समोर दोन माणसं असतात, ऑटोपायलट असतो, खाली कंट्रोलर असतो. पण विचारलंच आहे म्हणून सांगतो. माझ्या आईचं तिकीट मी सकाळी दहाच्या पुढचं काढतो. साधारण अकराशे रुपये जास्त पडतात.

आणि जाता जाता: हा प्रतिसाद पहाटे साडेतीनला टाइप केलाय. आमची रात्रपाळी बारा तासांची. आम्हाला नियम नाही, आम्ही जमिनीवर असतो.

खिडकीची सीट

अकराशे! आमच्या ऑफिसचं ट्रॅव्हल पोर्टल सगळ्यात स्वस्त असेल तेच मंजूर करतं, आणि ते कायम चार पंचावन्नचंच असतं. मॅनेजरला काय कारण लिहू? पोट?